भिंतीपलीकडचा सूर

४ मार्च, मंगळवार

आजही नाही जमलं. गिटारला आवाज बदलणारं नवं पेडल लावलं, तार ओढली, बोट हलवलं – आवाज नुसता फाटला. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, मिक्सर बिघडला का. हो म्हटलं.

मला ताईचा आवाज हवाय. बाकी काही नको. गिटारमधून तिचा तो लांबवलेला ‘आ’, आणि शेवटी शेवटी त्याला सुटणारा कंप. सकाळी साडेपाचला बाबा तिला आतल्या खोलीत शिकवायला बसायचे. मी भिंतीच्या अलीकडे, पांघरुणात. ती सोळाची, मी दहाची. सूर जायच्या आधी असा हलायचा की अंगावर काटा यायचा. मला गळा नव्हता. बाबांनी माझं एकदाच ऐकलं आणि म्हणाले, तू अभ्यास कर. किती हेवा केला मी तिचा!

अकरा वर्षं झाली तिला घर सोडून. का गेली, कुणीच नीट सांगितलं नाही. आई वारली तेव्हा आली, ती बाहेरच्या बाहेर निघून गेली. तिचं गाणं कुठेही रेकॉर्ड केलेलं नाही. आणि हल्ली आठवायला गेलं की आवाज पुसट येतो. एक दिवस येणारच नाही.

७ मार्च, शुक्रवार

दुकानात चष्म्याच्या काचा घासताना आमच्या मशीनचा एक बारीक सूर लागतो. तो ताईच्या पट्टीच्या जवळपास आहे. मालक म्हणाले, ही काच तू दुसऱ्यांदा घासतेयस. खरंच घासत होते.

९ मार्च, रविवार

गिटार आणि तिचा ॲम्प उचलून माईकवाल्या काकांकडे नेला. ते कार्यक्रमांना लाउडस्पीकर देतात, एरवी दुरुस्त्या करतात. दुकानात बसायला एक स्टूल, त्यावरही वायरी. मला वाटत होतं ॲम्पच बिघडलाय. त्यांनी वाजवायला सांगितलं, खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाले, ॲम्प ठणठणीत आहे, तुला नेमकं हवंय काय? सांगून टाकलं. ताईबद्दल कुणाला पहिल्यांदाच इतकं सांगितलं असेल.

त्यांनी आधी पेडल काढून बाजूला ठेवलं. एवढी खरखर घातलीयस, त्यात तुझं बोट ऐकू कुठून येणार, म्हणाले. मग एकेक बटण फिरवत गेले. खरखर निम्म्याच्याही खाली – सूर टिकण्यापुरतीच. एको बंद. ट्रेबल खाली, मधली पट्टी वर, कारण माणसाचा गळा तिथेच असतो. आणि तारांचा आवाज टिपणारा पिकअप खालच्या पुलाजवळचा नको, गिटारच्या मानेजवळचा.

वाजवलं. आवाज गोल झाला होता, भरदार. पण कंप अजून शेळीसारखाच.

“आधी सूर सरळ उभा राहू दे,” काका म्हणाले. “मग हलव. तू लागल्या लागल्या हलवतेस, ऐकणाऱ्याला कळतच नाही काय हललं ते.”

१० मार्च

सरळ. एक, दोन, तीन मोजायचे, मग हलवायचं. दोनलाच हात शिवशिवतो.

१३ मार्च, गुरुवार

तारा थोड्या जाड बसवल्या. पातळ तार जरा दाबली की निसटायची. आता बोटाला फोड आलाय. हात मनगटातून फिरवायचा – दाराची मूठ फिरवतो तसा. दुकानात काचा पुसतानाही मनगट आपोआप फिरत होतं. एक बाई म्हणाल्या, हात दुखतोय का गं तुझा?

१५ मार्च

नाही.

१६ मार्च, रविवार

बाबांचे गुडघे पार गेलेत. दिवसभर टीव्हीसमोरची खुर्ची. मी वाजवते त्यावर कधी चकार शब्द नाही, फक्त टीव्हीचा आवाज वाढवतात. ताईचं नाव तर अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण आज जेवताना एकदम म्हणाले, तिसऱ्या वेळेला जवळ गेली होतीस. कशाच्या जवळ, ते बोलले नाहीत. मी भाजी वाढली.

१९ मार्च, बुधवार

लागला!

कामाला निघायच्या आधी, अर्धी चप्पल पायात असताना सहज गिटार घेतली. ॲम्पचा आवाज मोठा, गिटारचा जरा कमी, तार अगदी हलकी छेडली. सूर उभा राहिला. थांबले. आता विझणार असं वाटलं तेव्हा हलवला – सावकाश, रुंद. आणि भिंतीपलीकडे ताई होती. शपथ.

बाबांनी टीव्ही बंद केला.

“हाच,” म्हणाले. “हाच तिचा सूर.”

परत वाजवायला लावलं. परत एकदा. चष्मा काढून सदऱ्याने पुसत बसले. माझ्याकडून त्यांनी आयुष्यात कधी काही ऐकायला मागितलं नव्हतं. मी रडत रडत बस पकडली, उशिरा पोचले, मालकांची बोलणी खाल्ली. काहीच वाटलं नाही.

२० मार्च, गुरुवार

बाबा म्हणाले, तिला पाठव. एवढंच.

मावशीकडून ताईचा नंबर घेतला. मावशीने आढेवेढे घेतले, मग दिला. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, चौथ्यांदा मनासारखं झालं. खाली काय लिहावं? ‘बाबांना तुझी आठवण येते’ लिहिलं, खोडलं. ‘मला येते’ लिहिलं. तेही खोडलं. शेवटी नुसतं ‘छोटी’.

ती एकटीच मला छोटी म्हणायची.

२२ मार्च

तिने ऐकलंय. तशी खूण दिसते. उत्तर नाही.

२५ मार्च, मंगळवार

अजून नाही. बाबा विचारत नाहीत, पण माझा फोन वाजला की रिमोट चाचपतात आणि टीव्ही हळू करतात. मी म्हणते, दुकानातून होता. ते पुन्हा मोठा करतात.

२७ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून चाळीस मिनिटं बोलले. आज लिहिता येणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

ताई म्हणाली, अगदी तसाच काढलास गं. मला शेवटपर्यंत ऐकवेना, म्हणाली. मी भिंतीअलीकडून रोज ऐकत होते हे तिला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, किती गोड हलायचा तुझा सूर. मग ती म्हणाली,

“छोटे, मी हलवत नव्हते तो. श्वास तुटला की बाबा पुन्हा पहिल्यापासून लावायला लावायचे. दहादा, वीसदा. मी रडू दाबत असायचे.”

आज सकाळी बाबा म्हणाले, वाजव. ॲम्प लावला. सूर धरला, आणि विझेपर्यंत सरळ धरून ठेवला. बोट हलवलं नाही.

बाबा वाट बघत राहिले.