टाळूवरच्या चौकोनाची हकीकत

इबादान,
मंगळवार

ती. मोजीताईस,

अबोसेडेचा गुडघे टेकून नमस्कार. (खरोखर टेकले आहेत असं समज. डावा टेकतो, पण उजवा टेकला की मला उठवायला माणूस लागतं.) लीड्सच्या थंडीत तुझी कंबर काय म्हणते? नातू हाताने अमालाचा गोळा खायला शिकला, की अजून काट्याशीच झटापट चालू आहे? इकडे आम्ही सगळे ठणठणीत. तू ठेवून गेलेली निळी बॅग कपाटावर होती तशीच आहे, तिच्यावरची धूळसुद्धा मी हलू दिलेली नाही.

माझ्या लानरेच्या सोयरिकीची बैठक गेल्या शनिवारी मुलीच्या घरी पार पडली. मुलगी गुणी आहे. अडचण तिच्या आईची. ती निघाली रेमिलेकुन. हो, आपल्या शाळेतली तीच, जिची एकेक वेणी माझ्या मनगटाएवढी होती आणि जी माझ्या वेण्यांना उंदराची शेपटं म्हणायची. चाळीस वर्षांनी तिच्यासमोर जायचं, आणि माझ्या टाळूवर बशीएवढं मैदान. आयुष्यभर घट्ट वेण्या घातल्या त्याचं हे फळ. तुलासुद्धा कधी सांगितलं नाही, कारण लाज वाटायची. लानरेच्या बाबांनाही माहीत नाही. (वीस वर्षं मी डोक्याला रुमाल बांधून झोपते. त्यांना वाटतं मला सर्दी आहे.) रेमीच्या नजरेस ते मैदान पडलं असतं, तर मी मुलाचं लग्न मोडून घरी आले असते.

म्हणून वीव्ह करायचं ठरवलं. तुझे केस जन्मापासून तुझेच, तुला हे कुठून ठाऊक असणार, म्हणून सांगते. डोक्यावर बारीक वेण्या घालून त्यांवर विकतचे केस शिवत नेतात. शेवटी टाळूवर जागा उघडी राहते. ती बुजवायला तळहाताएवढी जाळी असते, तिच्यात एकेक केस गाठ मारून बसवलेला. तिला क्लोजर म्हणतात. भांगातून दिसणारी जाळी आपलंच कातडं वाटली पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

हे क्लोजर निवडण्यात माझे तीन आठवडे गेले. मोकोला भागातली काफायाची आई माझे केस करते. ती म्हणाली, “मॅडम, मधला भांग घेतलात तर सुनेची बहीण दिसाल.”

“आणि कडेचा घेतला तर?”

“सासू दिसाल. पण समजूतदार.”

साबणाने भरलेल्या डोक्याची एक बाई बेसिनमधूनच म्हणाली, “हिला टोपी द्या आणि घरी पाठवा.” मी मधला भांग घेतला. ती जाळी निघाली फिकट, टाळूला कुणी मलमपट्टी केल्यासारखी. काफायाच्या आईने ती चहात भिजवून रंगवायला सांगितली. मी घरी कडक चहा करून त्यात ती बुडवली आणि फोन घ्यायला बाहेर गेले. परत आले तर लानरेचे बाबा तो चहा पिऊन मोकळे झाले होते. दालचिनी जरा केसाळ होती एवढंच म्हणाले. जाळी फिकटच राहिली. दुसऱ्या क्लोजरच्या गाठी दिसू नयेत म्हणून काफायाच्या आईने त्यांना रंग उडवायचं औषध लावलं आणि जनरेटरच्या धुरावरून शेजारणीशी भांडायला गेली. भांडण लांबलं. केस मुळापासून पाम तेलासारखे केशरी-लाल झाले. तिसरं क्लोजर मात्र असं मिळालं की बस. कडेचा भांग, जाळी हुबेहूब माझ्या कातडीची. आरशासमोर मी स्वतःला दोनदा नमस्कार केला.

शनिवारी सकाळी लानरेची मोठी आत्या दारात उभी. “उघड्या डोक्याने निघालीस? आपण काय शेळ्या बघायला चाललोय?” म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर जांभळ्या कडक कापडाचा फेटा असा आवळला की भुवया वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. ताई, जन्मभर अशा कार्यांना फेटे बांधले, आणि हे तीन आठवडे मला फेटा आठवला नाही. काफायाच्या आईलाही नाही, बेसिनमधल्या बाईलाही नाही. माझा भांग इबादानमध्ये कुणालाही दिसणार नव्हता. मी वाटभर रडायच्या बेतात होते.

रेमीचा फेटा माझ्यापेक्षा वीतभर उंच. बाहेर वडीलधारे प्रार्थना लांबवत होते, तेवढ्यात ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. “अबोसेडे, ही टाचणी काढ ग, जीव जातोय.” मी टाचणी ओढली. फेट्याबरोबर तिचं क्लोजरही माझ्या हातात आलं. खाली मैदान. माझ्यापेक्षा मोठं, ताट म्हण. ती नुसती भिंतीकडे बघत बसली. चाळीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि मला तिची इतकी दया आली की मी माझाही फेटा उतरवला आणि मान खाली घातली. “हात लावून बघ,” म्हटलं.

तिने जाळी चाचपली. मग म्हणाली, “कडेचा भांग? समजूतदार दिसतेस.” हसून हसून आमचं पोट दुखलं. मी सुई-दोरा मागवून तिचं क्लोजर शिवून दिलं. फोटोत आम्हा दोघींचे फेटे वाकडे आहेत. आत्या मला अजून माफ करत नाही. लग्न डिसेंबरात आहे.

तुझी धाकटी,
अबोसेडे

ता. क. तिकडून माझ्यासारखंच एक क्लोजर रेमीसाठी पाठव. तिचा रंग माझ्यापेक्षा जरा गडद आहे.

ता. क. दुसरा. निळ्या बॅगेबद्दल वर लिहिलंय ते खोडून वाच. तिसरं क्लोजर तिच्यातूनच घेतलं. (कुलूप केसाच्या पिनेने उघडतं, बदलून घे.) तुझ्या बायबलखाली लोकरी मोज्यात गुंडाळलेली तीन होती. तिन्हींचा भांग डावीकडे, थेट तुझ्यासारखा.

ता. क. तिसरा. आठवतं, दवाखान्यात आई डोक्यावरचा रुमाल काढू देत नव्हती, आणि तिचा मान राखा म्हणून आपण दोघी नर्सशी भांडलो होतो? ताई, तू मला सांगायला हवं होतंस. पण मीही कुठे सांगितलं. डिसेंबरात ये. आल्यावर तिघी मागच्या खोलीत बसू, फेटे काढून.