करवत शोधू नकोस

करवत गाडीच्या डिकीत आहे आणि गाडी मी नेतेय. तू उठायच्या आत बाबांना घेऊन तुझ्या ताईकडे निघतेय. संध्याकाळी येऊ.

रविवारी तू अर्धवट कापलेलं झाड आता बाबांच्या खोलीकडे झुकलंय. "घरच्या झाडाला माणसं कशाला लागतात?" म्हणत बुंध्यालाच करवत लावलीस, आणि दोरी बांधलीस कशाला, तर फाटकाला! झाड राहिलं उभं, फाटक मात्र वाकलं.

आज झाड तोडणारे येतील. ते शेंड्यापासून कापत, एकेक फांदी दोरीने खाली सोडतात. शेजारून तारा गेल्यात, म्हणून तेवढा वेळ वीज बंद राहील. पाणी भरून ठेवलंय. तू फक्त फाटक उघड आणि गप्प बस. त्यांना अक्कल शिकवायला जाऊ नकोस. शिडीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

बाबांना डोळे तपासायला नेते म्हणून सांगितलं. स्वतः लावलेलं झाड पडताना त्यांनी बघू नये, म्हणून. ते निमूट तयार झाले. रविवारपासून तुझ्याशी बोलत नाहीयेत, तरी आत्ता गाडीत बसता बसता म्हणाले, "त्याला लिहून ठेव, फांद्या उतरवताना खाली उभं राहू नकोस म्हणावं. लहानपणापासून तोंड वर करून बघत बसतो."

म्हणून परत आत आले. टेबलावर तुझं हेल्मेट होतं. ते मी तिथे काढून ठेवलेलं नाही.

चिठ्ठी त्याच्याच खाली ठेवतेय.