पाचजणींचा फोटो

आमच्या घरच्या बाईसाहेबांना,

पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. मी मजेत आहे, पाठही आता फारशी धरत नाही. रोज मिनीबसमधून लोकांना द्राक्षमळे दाखवायला नेतो. ते वाईनचे घोट घेत हिंडतात, मी गाडीत बसून डबा खातो. मग तलाव, जुना किल्ला, आणि परत.

तुम्ही ऑफिसातल्या पाचजणीही मळा बघून आलात, बरं झालं. त्या दिवशी आईजवळ कोण होतं? धाकटीचा खोकला गेला का?

फोटो स्टिअरिंगसमोर लावलाय. काय हसतेयस! आपल्या लग्नाच्या एकाही फोटोत अशी हसलेली नाहीस.

रागावू नकोस, पण एक विचारतो. पाचजणी गेलात आणि पाचहीजणी फोटोत आहात, मग फोटो काढला कोणी? इथे सगळ्यांचे फोटो मलाच काढायला लावतात, म्हणून लक्षात आलं. तुमच्या ड्रायव्हरने काढला म्हणशील. पण ड्रायव्हरकडे बघून कुणी असं हसत नाही गं. तीन वर्षं बघतोय.

तुझा, आणि फक्त तुझाच,
मी