चार फुटांचं वळण

प्रिय अप्पा,

शरणार्थ. सासूबाई गेल्यावर लिहिलेली माझी दोन्ही पत्रं तुम्ही न उघडता परत पाठवलीत. म्हणून ह्या पाकिटावर मी नुसतं 'मापं' असं लिहिलं आहे. मापं आली की हातातला चहा बाजूला ठेवून तुम्ही पाकीट फोडता, हे मला ठाऊक आहे.

आमच्या चर्चला परवा दोन वर्षं झाली. पाळकाशी लग्न केलेल्या लेकीनं मागितलं आणि तुम्ही लातूरच्या तुमच्या शेडच्या कारखान्यात बसून ते आखलंत, ट्रकमध्ये घालून भोकरला पाठवलंत. उद्घाटनाला मात्र आला नाहीत. दिसायला तुम्ही डाळमिलला बांधून देता त्या शेडसारखंच, फक्त वर क्रूस आहे. चाळीस बाय साठ, मध्ये एक खांब नाही. वर झरोके ठेवलेत म्हणून मे महिन्यातही मंडळी बसू शकते. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की अमृतचं प्रवचन बंद पडतं, तेवढं तुम्हालाही आवरता आलं नाही. हल्ली मी खुर्चीत बसूनच गाते, तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. काम चोख आहे.

दारातून आत आलं की चार फुटांवर पत्र्याची आडभिंत, मग डावीकडे वळायचं. रस्त्याची धूळ आणि झळ आत यायला नको, असं तुम्ही म्हणालात. नकाशा मीच तपासला होता. तुमच्या ऑफिसात सात वर्षं नकाशे काढलेली मी, त्या वळणावर बोट ठेवून पुढे गेले. आपल्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवून नेतात, हार घालून, लग्नाला निघाल्यासारखा. आडवा माणूस दारातून वळवावा लागतो हे तुमच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

गेल्या श्रावणात सासूबाई गेल्या. चतुराबाईंना तुम्ही कधी पाहिलंच नाहीत. त्यांची शवपेटी त्या वळणावर अडकली. मागे ओढा, त्यामुळे दुसरं दार नाही. मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "अडकली का? मग उभी करा की!" आणि हसलात. अप्पा, आम्ही उभी केली. आत त्या घसरून पायाशी आल्या, तो आवाज साऱ्या मंडळीनं ऐकला. पेटी अमृतनं धरली होती. तुमच्याबद्दल तो एक शब्दही वाईट बोलला नाही. मी बोलले, आणि कमीच बोलले असं अजून वाटतं.

आठ दिवसांनी अमृतनं भिंत कापायला तुमचाच वेल्डर रामलिंग बोलावला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ताई, माहूरला जाणारे पाव्हणे ह्याच रस्त्यानं जातेत. पोरगी तिथं बसलेली दिसाय नको, म्हणून अप्पांनी लावली व्हती." मी त्याला कटर बंद करायला लावला. तुम्ही धूळ अडवत नव्हता, मला झाकत होता. ती भिंत तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणी कापायची नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

आता मापं. आजार पोटातला आहे, आणि नांदेडचे डॉक्टर दिवाळीपुढचं काही बोलत नाहीत. निलंग्याच्या शेतात, आईशेजारी, मला बसवून नेणार असाल तर भिंत राहू द्या. पण पाव्हण्यांदेखत तुम्ही मला नेणार नाही, म्हणून कटर घेऊन या. मी पहिल्या बाकावर बसून बघेन, आणि पत्रा पडला की रस्त्यावरून दिसेन. माझी उंची पाच फूट दोन इंच. तुम्ही शिकवलंत तशी पेटी चार बोटं जास्त धरली आहे. नाही आलात, तर अमृत मलाही उभी करेल. ह्या वेळी तुम्हाला फोन करायला कोणी नसेल.

तुमचीच,
मंजुषा