चिंचेपाशी डावीकडे

गोरेगाव,
बुधवार

तीर्थस्वरूप अपर्णाताईस,

धाकट्या विश्वजीतचा साष्टांग नमस्कार. (तू रागावली आहेस म्हणून आणखी एक.) इकडे सर्व क्षेम. तिकडे वाशीमला तुझी कंबर, दाजींची शुगर आणि शौनकच्या गाडीचा पुढचा बंपर कसा आहे ते कळवावे. तिन्हींची काळजी वाटते, बंपरची जरा जास्त, कारण बाकी दोहोंना मी जबाबदार नाही. फोन तू उचलत नाहीस आणि माझ्या ‘रस्ता चालू-बंद’ ग्रुपमधूनही रविवारी संध्याकाळी बाहेर पडलीस, म्हणून हे पत्र दिपकच्या जीपने पाठवतो आहे. तो दारात थांबेल. त्याला चहा दिलास तर उत्तम, नाही दिलास तरी पत्र घे.

लेकरू बरं आहे. दूध पितं, झोपतं, आणि अजून बिननावाचं आहे. आई त्याला सोन्या म्हणते, प्रतिक्षा नुसतंच ‘ए’ म्हणते, आणि मी शाळेत लिपिक असल्यामुळे मनातल्या मनात ‘सदर बालक’ म्हणतो. नाव तू ठरवलेलं आहेस: विश्वंभर, अप्पांचं. अप्पांना जाऊन अकरा महिने झाले. ते नाव या घरात पुन्हा ऐकू यावं असं मला फार वाटतं, आणि ते लेकराच्या कानात सांगायला आत्याच हवी. म्हणून रविवारी बारशाच्या दिवशी जे झालं ते कसं झालं, हे तुला सांगणं मला भाग आहे.

शुक्रवारी संध्याकाळी वादळ झालं. पत्रे उडाले, खांब आडवे झाले, टॉवर बंद पडला, आणि कनेरगाव नाक्याहून गावाकडे येताना जिथे टेकडी कापून रस्ता काढला आहे तिथे दरड खाली आली. आपल्याकडे दरड कोसळते हे कुणाला खरंच वाटेना. घाटातल्या लोकांच्या बातम्यांत पाहिलेली गोष्ट आपल्या दारात आली म्हणून निम्मं गाव फोटो काढायला गेलं. (मीही गेलो, पण कर्तव्य म्हणून.) ग्रुपवर चारशे बारा माणसं आहेत आणि ती माझ्या शब्दावर गाड्या काढतात. तेव्हा मी लगेच टेकडीवर चढलो, तिथे रेंजची एक काडी येते, आणि सूचना क्रमांक सात टाकली: ‘नाक्याकडून येणाऱ्या सर्व प्रवाशांनी दरडीच्या अलीकडे तांड्याच्या रस्त्यास लागावे, मोठ्या चिंचेपाशी डावीकडे वळावे, व सुखरूप पोहोचल्याचे कळवावे.’

आता ती चिंच त्याच वादळात पडली होती, हे खरं. तिचा फोटो मीच सूचना क्रमांक चारमध्ये टाकला होता, हेही खरं. पण ताई, तू इथलीच आहेस. आपल्याकडे झाड पडलं म्हणून त्याची जागा कुठे जात नाही. जांभळीच्या थांब्यावर मी जन्मात जांभूळ पाहिलेलं नाही, पण रोज तिथेच उतरतो. रविवारी माझ्या सूचनेवरून कितीतरी गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडी जिथे चिंच असायची तिथे बिनचूक डावीकडे वळली. एक शौनकच तेवढा उभं झाड शोधत राहिला. (त्याचा दोष नाही. तो पुण्यात शिकतो, तिथे झाडावरून रस्ता सांगत नसतील.) मोबाईलमधला नकाशा टॉवरअभावी नुसता गोल फिरत होता, तू मागे झबलं-टोपडं मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होतीस, आणि पाच किलोमीटर पुढे त्याला एक उभी चिंच सापडली. तिच्यापाशी तो डावीकडे वळला. तो रस्ता नव्हता, तांड्यावरच्या थावराभाऊंचं सोयाबीन होतं.

काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढेपर्यंत चार वाजले, असं थावराभाऊंनी मला सोमवारी सांगितलं. सोयाबीनविषयी ते एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. त्यांच्या घरच्या भिकाबाईंनी तुम्हाला भाकरी आणि ठेचा वाढला आणि विचारलं म्हणे, “काहून एवढ्या चिखलात येऊन राहिल्या व ताई? कोणी सांगतला हा रस्ता?” तू काय उत्तर दिलंस ते त्यांनी मला सांगितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यानंतर तू चिखलाने भरलेल्या पैठणीत परस्पर वाशीमला परत गेलीस, आणि त्यात तुझं काही चुकलं असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

इकडे पाळणा सजलेला, घुगऱ्या थंड झालेल्या, आणि आत्याने कानात नाव सांगताच तिच्या पाठीत धपाटे घालायला टपलेल्या अकरा बाया हात चोळत बसलेल्या. मुहूर्त टळला तेव्हा शेजारच्या पारुबाई म्हणाल्या, मी सांगते कानात, त्यात काय. त्यावर आई म्हणाली, “आत्या जित्ती हाय, मंग दुसरी काहून सांगन?” बाया घुगऱ्या पदरात घेऊन उठल्या. मी पाळण्याची दोरी धरून उगाच उभा होतो, आणि मला वाईट वाटलं.

तरी येत्या रविवारी सकाळी दहाला ये. सगळं नव्याने मांडतो. बायांना निरोप दिला आहे, त्यांचे हात तसेच शिल्लक आहेत. दाजींना नमस्कार, शौनकला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
विश्वजीत

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. दरड रविवारी सकाळी आठलाच हटवली होती. रस्ता मोकळा होता. मला ते माहीत होतं. सूचना क्रमांक आठ मी लिहूनही ठेवली होती, फक्त टाकली नाही.

आणखी ता. क. कारण असं. सासऱ्याचं नाव आपल्याकडे सून घेत नाही, मग तेच नाव पोराला ठेवलं तर प्रतिक्षा त्याला हाक कशी मारणार? शिवाय ती आठवडाभर मोबाईलवर नावं शोधत होती. तू येऊन ‘विश्वंभर’ म्हणायचीस आणि भर बायकांत तिचं तोंड पडायचं, या भीतीने मला तिची समजूत काढायला एक तास हवा होता. तांड्याच्या रस्त्याने बरोबर एक तास जास्त लागतो. त्या तासात मी तीनदा आतल्या खोलीत गेलो आणि तीनदा घुगऱ्यांत मीठ बरोबर आहे का ते विचारून बाहेर आलो. आता रविवारपर्यंत तूच तिला समजावलंस तर बरं. मी तिला अजून काही विचारलेलं नाही.

ताई, मी प्रतिक्षा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मी घरात हाक मारायला टोपणनाव शोधत होते, अप्पांचं नाव घेऊन पोराला रागावता येणार नाही म्हणून. दाखल्यावर आणि पाळण्यात विश्वंभरच, हे मी आईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही या. फक्त यांना रस्ता विचारू नका.