बाईंचा डावा हात निर्दोष असल्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
सार्वजनिक वाचनालय, तळमजला.

विषय : एका सभासद बाईंचा घरचा पत्ता मिळणेबाबत.
संदर्भ : सूचनाफलकावरील माझे कौतुकपत्र. (ते उतरवावे, ही विनंती यातच धरावी.)

महोदय,

मी इयत्ता दहावीची विद्यार्थिनी व आपल्या संगणक कक्षाची स्वयंसेवक असून सविनय कळवते की,

१. कक्षातील आठही संगणक मुक्त, म्हणजे फुकट मिळणाऱ्या व कोणालाही बदलता येणाऱ्या, प्रणालीवर चालतात. पडद्यावर चित्र उमटवण्याची त्यांची व्यवस्था जुनी होती, एक्स नावाची. तिच्यात चित्रफीत लावली की पडदा मधोमध फाटल्यासारखा दिसे. मला ते बघवेना. सुट्टीत मी सगळीकडे वेलँड ही नवी व्यवस्था सुरू केली. पासवर्ड कक्ष सांभाळणाऱ्या काकांचा होता. मी तीन दिवस त्यांचे डोके खाऊन तो मिळवला, सबब दोष माझ्या नावे लिहावा. पडदा लोण्यासारखा चालू लागला. आपण स्वतः येऊन शाब्बास म्हणालात व कौतुकपत्र फलकावर लावलेत. घरी मी ते चार वेळा सांगितले. दादा म्हणाला, "हिला आता दार रुंद करून घ्या, डोकं आत मावत नाही."

२. चौथ्या संगणकावर रोज सकाळी एक मुद्रितशोधक बाई बसत. त्यांचा उजवा हात आजारपणात गेला आहे. पडद्यावरच कळफलक उघडून, डाव्या हाताने माऊसची एकेक टिचकी मारत त्या दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढत. बदलाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली, "अगं, कळ उजळतेय पण अक्षर पडत नाही. बघतेस जरा?" मी मैत्रिणींना नवा पडदा दाखवण्यात दंग होते. तिथूनच म्हणाले, "बाई, टिचकी नीट बसत नाहीये तुमची. जोर लावा थोडा."

त्यांनी अर्धा तास जोर लावला. मग खुर्ची आत सरकवून निघाल्या. दारात काकांना म्हणाल्या, "हाही हात गेला वाटतं." त्यानंतर त्या आलेल्या नाहीत.

३. काकांनी मला हे आठ दिवसांनी सांगितले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट तपासले. जुनी व्यवस्था म्हणजे एका खोलीतली भावंडे, कोणीही कोणाच्याही वहीत लिहावे. नवीत प्रत्येक खिडकीला आतून कडी. कळफलकाची अक्षरे मजकुराच्या दारातच अडत होती. बाईंच्या बोटाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

४. यापुढचे लिहिताना लाज वाटते. हे तेव्हाच आपल्याला सांगायचे सोडून मी गुपचूप निस्तरायला गेले. ती कडी काढायची रीत प्रत्येक डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीची, निराळी असते. म्हणून कोणता चालतो ते पाहायला मी आठ संगणकांवर पाच प्रकारचे डेस्कटॉप बसवले. परिणामी दुसऱ्यावर कळफलक चाले पण अक्षरे मोठी होत नसत, पाचव्यावर मोठी होत पण कळफलक मुका, आणि सातव्यावर दोन्ही चालत पण छपाईला पाठवले की पडदा काळा. वाचक एक अर्ज भरायला तीन खुर्च्या बदलू लागले. कोणीतरी भिंतीवर चिठ्ठी लावली, "भिंगासाठी पाच, टंकनासाठी दोन, नशिबासाठी सात." आपण ती वाचून हसलात, तेव्हा मी मागेच उभी होते आणि मीही हसले. काका तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "एका घरात आठ चुली मांडल्यास गं."

५. मंगळवारी मी आठही संगणक जुन्या व्यवस्थेवर आणले. चौथ्यावर बसून, उजवा हात पाठीमागे धरून, डाव्या हाताने एक पान टंकले. दीड तास लागला. अक्षर न् अक्षर उमटले. पडदा पुन्हा फाटतो. फाटू दे.

६. परंतु हे बाईंना ठाऊक नाही. हातातले पुस्तक त्यांनी प्रकाशकाकडे परत पाठवले असून, महिनाअखेर ते दुसऱ्याकडे जाईल असे काकांकडून समजते. मी काकांकडे पत्ता मागितला. ते म्हणाले, "एक नियम तुझ्यासाठी मोडला, आता दुसरा नाही. साहेबांना लिही. आणि सगळं लिही, तुला शोभेल तेवढंच नको." त्यावरून हा अर्ज.

तरी सभासद नोंदवहीतील पत्ता मला मिळावा. नियमात बसत नसल्यास सोबतचे पत्र कार्यालयाने आजच बाईंना पोचवावे. पाकीट चिकटवलेले नाही, आपण वाचावे. आधी मी त्यात एक्स काय, वेलँड काय, अशी तीन पाने लिहिली होती. ती फाडली. आता चारच ओळी आहेत, त्यांतल्या दोन अशा: हात ठीक आहे. तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी वळून पाहिले नव्हते.

यापुढे विचारून हात लावणारी,
आपली स्वयंसेवक (ठेवल्यास)
(सही)
दिनांक : १९, गुरुवार

सोबत :
१) बाईंना पत्र, उघडे.
२) डाव्या हाताने टंकलेले पान. चुका सुधारलेल्या नाहीत.