सईचा दाखला

सोमवार, १५ जून. संध्याकाळ.

"पालकांनो, आपल्या मराठी शाळा आपल्या डोळ्यांदेखत मरत आहेत!" शाहूपुरीतल्या सभेत आज मी गरजलो. टाळ्या पडल्या. खिशात माझ्या सईचा मराठी शाळा सोडल्याचा दाखला होता, इंग्रजी शाळेसाठी सकाळीच काढलेला.

बोलताना अडखळणाऱ्या माझ्या पोरीला तिच्या शाळेतल्या बाईंनी रोज परिपाठात एक ओळ वाचायला लावून बोलती केली. हे ऋण मोठं, म्हणून दाखला आणायला जाताना पेढे नेले. बाई म्हणाल्या, "पेढे कसले देताय, दादा? आणखी एक पोर कमी झालं की! आता दिवाळीपर्यंत तरी शाळा ऱ्हाती का बघायचं." आणि हसल्या. दाखला घेऊन मीही हसलो. का हसलो?

घरी सईनं विचारलं, "शाळा बंद झाली तर बाई कुठं जाणार?" सभेत न अडखळलेला मी तिच्यापुढे अडखळलो.

आता स्वतःलाच बजावतोय: उद्या पहिल्या घंटेआधी शाळेत जा. सईचं नाव पुन्हा पटावर घालायला बाईंना सांग.